दोन क्विंटल झेंडूचा फॉरवर्ड

“मॅडम, तुमच्या नावावर दोन क्विंटल झेंडू आलाय. गेट पासवर सीरियल नंबर काय टाकू?” सिक्युरिटीचा फोन. गेल्या दसऱ्याचा आदला दिवस, आणि मी ऑफिसच्या सोळाव्या मजल्यावर नव्या बॅचला डेरिव्हेटिव्ह्ज शिकवत होते.

डेरिव्हेटिव्ह म्हणजे पुढच्या व्यवहाराचा आज ठरवलेला सौदा. त्याच्या मुख्य जाती दोन. फॉरवर्डमध्ये ठरल्या दिवशी, ठरल्या भावाने घ्यायचं म्हणजे घ्यायचं आणि द्यायचं म्हणजे द्यायचं. दोघंही बांधलेले. ऑप्शनमध्ये आधी थोडे पैसे मोजायचे, त्याला प्रीमियम म्हणतात. मग वाटलं तर माल घ्यायचा, नाहीतर प्रीमियमवर पाणी सोडून घरी जायचं.

हे काही केल्या पोरांच्या डोक्यात शिरेना, म्हणून दोन महिन्यांपूर्वी मी त्यांना कोठीच्या बाजारात नेलं होतं. तिथे मल्लम्मा फुलं विकते. आमचं घर वर्षानुवर्षं तिचं गिऱ्हाईक. पोरांसमोर मी तिला म्हटलं, दसऱ्याला दोन क्विंटल झेंडू, किलोला शंभर. ती हौ म्हणाली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी नाटक करून परतले, आणि तिने त्याच दिवशी गावाकडच्या शेतकऱ्याला माल सांगून टाकला.

खाली गेले तर ट्रॉली ऑटो फुलांनी शिगोशीग, आणि पुढे ड्रायव्हरशेजारी मल्लम्मा. बाजारात भाव तीसवर आला होता. सहा हजारांच्या फुलांना मला वीस हजार मोजायचे होते.

एवढ्यात आमचे बॉस रावसाहेब आणि कंप्लायन्सवाला खाली आले. कंप्लायन्सवाला म्हणजे कंपनीचे नियम सांभाळणारा. त्याचं म्हणणं, कंपनीला झेंडूत पोझिशन घ्यायची, म्हणजे सौदा अंगावर घ्यायची, परवानगी नाही, फुलं गेटच्या आत आली तर रिपोर्ट करावं लागेल. त्याने फुटपट्टी मागवून ऑटोपासून गेटपर्यंतचं अंतर मोजलं. रावसाहेब माझ्या कानाशी लागले, सही कुठे केलीय, द्या तिला परत पाठवून.

खोटं कशाला सांगू, मलाही मोह झाला. मी मल्लम्माला विचारलं, इसार म्हणून एक रुपया तरी दिला होता का मी? मग सौदा कसला?

“बयाना देते तो छोड सकते थे, अम्मा,” ती शांतपणे म्हणाली. “नै दिये ना. जबान दिये.”

माझी अख्खी बॅच मागे उभी राहून हे लिहून घेत होती. मेल्यांनो, मी दोन दिवस घसा फोडला तेव्हा कुणाचं पेन उघडलं नव्हतं!

मी शेवटचा प्रयत्न केला. भाव दोनशे झाला असता तर?

“सौ मेंच देती. फिर घर जाके रोती.”

माझी मलाच लाज वाटली. पैसे माझ्या खात्यातून दिले. फुलं आत जाईनात, म्हणून रोज कोट्यवधी फिरवणारे आमचे डीलर संध्याकाळपर्यंत फुटपाथवर तोरणं ओवत बसले. रावसाहेबांना सुईत दोरा घालता येईना. कंप्लायन्सवाल्याने गिफ्टचा फॉर्म भरून दोन हार गाडीला नेले.

यंदा मी शहाणपणाने आधीच पाचशेच्या दोन नोटा इसार म्हणून मल्लम्मापुढे धरल्या. तिने त्या परत माझ्या पर्समध्ये कोंबल्या. म्हणाली, तुमची जबान आहे ना, मग हे कशाला?

ऑप्शन घ्यायचा तर पैसे लागतात, हे मी वीस वर्षं शिकवत आले. समोरचा तो विकायलाही तयार लागतो, हे आता शिकवते.