बिनतळाचं तळं

लिकोवारा गावाच्या हद्दीत एकशे चौऱ्याऐंशी तळी आहेत. त्यातली एकशे त्र्याऐंशी एन्सिओ तार्वाइनेनने मोजली होती. या कामगिरीबद्दल गावाने त्याचं कौतुक केलं ते असं, की कोणी त्याला काही बोललं नाही. आमच्याकडे यापेक्षा मोठा सत्कार होत नाही.

एन्सिओ रस्ते सपाट करणाऱ्या ग्रेडरवर पस्तीस वर्षं ड्रायव्हर होता. आठवडाभर रस्त्यातले खड्डे बुजवायचे आणि सुट्टीच्या दिवशी पाण्याने भरलेले खड्डे मोजत हिंडायचं, असं त्याचं आयुष्य. दहा हजार वर्षांपूर्वी डोंगराएवढा बर्फ इथून मागे सरकला आणि जाताना सगळा मुलूख उकरून ठेवून गेला. एन्सिओच्या मते त्या बर्फावर कोणी धड मुकादम नव्हता.

या तळ्यांना नावं ठेवताना पूर्वजांनी डोक्याला फारसा त्रास दिलेला दिसत नाही. अकरा तळ्यांचं नाव काळं तळं. सहा लांब तळी, त्यातली दोन चक्क गोल. एक माशांविना तळं आहे. त्यात गळ टाकायचा अवकाश, की मासा लागतो. सगळं गाव तिथे मासे धरतं आणि सगळं गाव परत येऊन सांगतं, की काही लागलं नाही. एन्सिओने एकदा दुकानात उघडपणे म्हटलं होतं, की मला तिथे तासाभरात नऊ मिळाले. दुकानात बराच वेळ शांतता पसरली होती. हा गडी बाहेरचा आहे, एवढंच त्या शांततेचं म्हणणं होतं. तो पंच्याहत्तर साली गावात आला. त्याला आता चव्वेचाळीस वर्षं झाली, म्हणजे तसा नवाच.

मोजायचा हंगाम मार्च. बर्फ मजबूत असतो आणि दिवस मोठा झालेला असतो. पायांत स्की, मागे घसरगाडी, गाडीवर बर्फाला भोक पाडायचं लांब गिरमिट, कॉफीचा थर्मास आणि दोरीला बांधलेला शिशाचा ओळंबा. भोक पाडायचं, ओळंबा सोडायचा, दोरीच्या गाठी मोजायच्या, वहीत आकडा लिहायचा आणि पुढे दहा पावलांवर दुसरं भोक. दलदलीमागचं एक डबकं तर नकाशावरही नव्हतं. एन्सिओने तेही शोधून काढलं आणि दोन दिवस घालवून मोजलं. त्याची खोली निघाली एक मीटर दहा.

एकशे चौऱ्याऐंशीवं तळं मात्र त्याने सोडलं होतं. ते बिनतळाचं तळं.

ते रायली केत्तुनेनच्या गोठ्यामागे आहे. एकोणसत्तर सालच्या शरदात रायलीचा नवरा रेइयो, वय पंचवीस, सकाळी जाळी उचलायला होडी घेऊन गेला. होडी सापडली, टोपी सापडली, रेइयो सापडला नाही. गावातल्या पुरुषांनी दोर सोडून पाहिला आणि येऊन सांगितलं, तळच लागत नाही. जिथे तळच नाही तिथे माणूस कुठून मिळणार? बावीस वर्षांची रायली आणि आठ गायी मागे राहिल्या. चर्चजवळ एक दगड आहे, ज्यांची प्रेतं मिळाली नाहीत त्यांच्या नावांचा. त्यावर रेइयोचं नाव घालू का, असं पाद्रीबाबांनी विचारलं. रायली म्हणाली, "आधी सापडू तर द्या." पन्नास वर्षं ती हेच म्हणत आली. नाताळच्या संध्याकाळी सगळं गाव आपापल्या माणसांसाठी मेणबत्त्या लावतं. रायलीने रेइयोसाठी एकही लावली नाही. गाव म्हणायचं, बघा, दुःख किती मोठं असेल.

एन्सिओलाही तसंच वाटायचं. तिच्यावर त्याचा जीव जडला होता, आणि तो त्याने आमच्याकडे जडतो तसाच दाखवला. हिवाळ्यात तिच्या दारची वाट इतर वाटांपेक्षा आधी साफ व्हायची. अशी पंधरा वर्षं वाट साफ केल्यावर, घाईला काही सीमा असते हे विसरून, नव्वद साली त्याने तिच्या स्वयंपाकघरात बसून तिला मागणी घातली.

रायलीने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. "माझा नवरा आहे, एन्सिओ," ती म्हणाली.

केवढी ही निष्ठा! एन्सिओ भारावून घरी गेला. त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही. दर शनिवारी तो तिच्याकडे कॉफीला जायचा, तिची लाकडं फोडायचा, हवामानावर बोलायचा आणि घरी यायचा. तिच्या तळ्याला त्याने गिरमिट लावलं नाही. थडग्यात कोणी भोकं पाडतं का? दर मार्चमध्ये तो कुंपणापर्यंत स्कीवर यायचा, कानटोपी काढायचा, क्षणभर उभा राहायचा आणि वळसा घालून पुढे जायचा. याला तो सभ्यपणा म्हणायचा. खरं सांगायचं तर तो घाबरट होता. तळ्याला तळ नाही तोवर काही बदलणार नव्हतं, आणि काही बदलणार नसेल तर माणसाला काही करावंही लागत नाही.

यंदा फेब्रुवारीत पर्यावरण कार्यालयातून ईदा नावाच्या मुलीचा फोन आला. त्याचे आकडे सरकारी नकाशावर जाणार होते.

"एकशे चौऱ्याऐंशीचा रकाना रिकामा आहे," ईदा म्हणाली.

"त्याला तळ नाही."

"तळ नाही असा पर्याय फॉर्ममध्ये नाहीये. शून्य टाकू?"

"शून्य म्हणजे तिथे तळंच नाही असं होईल."

"मग काढून टाकते. तुमच्या सहीने."

एन्सिओने तिला थांबायला सांगितलं. रेइयोचं आता एक तळंच उरलं होतं, तेही त्याच्या सहीने पुसलं जाणं त्याला सहन होईना. मार्च उजाडताच तो दुकानात गेला आणि त्याने शंभर मीटर दोरी मागितली.

दुकान काउकोचं. गाव समितीचा अध्यक्षही तोच, कारण दुसरं कोणी तयार नव्हतं. "एवढी दोरी कशाला रे?" त्याने विचारलं. "गाव बांधून घेऊन चाललास की काय?"

"बिनतळाचं मोजायचंय."

काउकोने दोरीचं भेंडोळं हळूच काउंटरखाली ठेवलं. "आत्ता?"

"फॉर्म आलाय."

"एवढी लागणार नाही," काउको म्हणाला, आणि रांगेतच असलेले हेरिंग माशांचे डबे पुन्हा रांगेत लावू लागला. एन्सिओला त्याचा भयंकर राग आला. मेलेल्या माणसाच्या बाबतीत काही तरी बूज ठेवावी. त्याने स्वतः काउंटरमागे जाऊन दोरी घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कानटोपी काढून तळ्यावर उतरला. मधोमध पहिलं भोक पाडलं, ओळंबा सोडला, आणि आता बराच वेळ थांबायचं म्हणून खाली बसायला गेला. बसायच्या आत दोरी ढिली पडली.

चार मीटर वीस.

खाली खडक असेल, असं त्याला वाटलं. दुसरं भोक, तीन ऐंशी. तिसरं, चार दहा. त्याने एकूण बावीस भोकं पाडली. ओळंब्याला चिखलही लागत नव्हता, स्वच्छ वाळू लागत होती. पंचवीस वर्षांचा धडधाकट माणूस चार मीटर वीसमध्ये बुडू शकतो. हरवू शकत नाही.

एन्सिओ घसरगाडीवर बसून राहिला. रेइयो इथे नव्हता, कधीच नव्हता. हा आकडा नकाशावर गेला, की रायली विधवा राहणार नाही, टाकलेली बायको होईल. पन्नास वर्षं ज्या दुःखाला गावाने मान दिला, त्यावर आता दुकानात चर्चा होईल. खोटा आकडा लिहावा, तर त्याने आजवर एक सेंटिमीटरही खोटा लिहिला नव्हता. शेवटी त्याने ठरवलं, की गावाला कळायच्या आत तिला आपणच सांगायचं. मग तिने आपलं तोंड पाहिलं नाही तरी चालेल.

रायलीने कॉफी आधीच ओतून ठेवली होती, शेजारी वेलचीचा गोड पाव.

"बावीस पाडलीस," ती म्हणाली. "खिडकीतून मोजत होते. पहिल्यालाच कळलं नाही?"

"रायली, मला तुला एक सांगायचंय. आधी बस."

"चार मीटर वीस," रायली म्हणाली. "आता हिवाळ्यात पाणी उतरतं म्हणून. उन्हाळ्यात थोडं जास्त भरतं."

एन्सिओने हातातला कप खाली ठेवला.

"रेइयोच्या बापाने त्याच आठवड्यात काठीने ढोसून पाहिलं होतं. सगळे पुरुष होडीत होते. एकाने जाळंसुद्धा फिरवलं. परत आले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, तळ लागत नाही. मी काय बोलणार? त्यांनी माझी लाज झाकली. तेव्हापासून अख्खं गाव तेच सांगतंय."

"कुठे आहे तो?"

"स्वीडनला. बोरोसला. कापडाच्या गिरणीत लागला होता. काउकोची बहीण तिकडेच असते ना, ती कळवते. तब्येत चांगलीय म्हणे. रोज सकाळी पोहायला जातो."

एन्सिओने खिडकीतून आपली बावीस भोकं पाहिली. चूल तडतडत होती.

"मला कोणी सांगितलं नाही," तो शेवटी म्हणाला.

"तू विचारलंस कधी? तुला वाटलं तेच खरं धरून बसलास."

"नव्वद साली विचारलं होतं."

"तेव्हा जे होतं ते सांगितलं. नवरा आहे म्हटलं. नवरा टाकून पळाला, हे पहिलं वाक्य माझ्या तोंडून निघणार नव्हतं, एन्सिओ. मला वाटलं, हा माणूस चिखलाचं डबकं सोडत नाही, येत्या मार्चला हेही मोजेल. त्याला कळेल, तो येऊन विचारेल, मग उरलेलं मी सांगेन." तिने खिडकीकडे पाहिलं. "एकोणतीस वर्षं दर मार्चला इथे उभी राहिले. तू यायचास, कुंपणाशी टोपी काढायचास, आणि निघून जायचास."

"मी मान राखत होतो."

"कोणाचा?"

एन्सिओचे डोळे भरून आले आणि त्याने ते पुसलेही नाहीत. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, गोड पाव समोर ठेवून, तो ढसाढसा रडला. रायलीने त्याला गप्प केलं नाही. तीही तशी कमी चिडलेली नव्हती.

"नकाशावर काय लिहू?" बऱ्याच वेळाने त्याने विचारलं.

"चार वीस. गावाने काही म्हटलं तर सांग, मी लिहायला लावलं."

मग ती उठली आणि फडताळातून एक पिवळा पडलेला कागद घेऊन आली. "हे कोर्टातून आणलं होतं. घटस्फोट एकट्यालाही मागता येतो. अर्ज केला, की विचार करायला सहा महिने देतात."

"कधी आणलंस?"

"एकोणनव्वदला. तू विचारशील असं वाटत होतं, म्हणून आधीच." तिने कागद टेबलावर सरळ केला. "आता नवा आणावा लागेल. मंगळवारी बस आहे."

"सहा महिने," एन्सिओ म्हणाला. त्याने बोटांवर मोजलं, मधेच चुकला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजलं. "सप्टेंबर."

"तुझ्या वेगाने उद्याच म्हणायचं."

"मंगळवारी मी येतो बरोबर," एन्सिओ म्हणाला. "पण अर्ज तूच भर, रायली. एकही रकाना रिकामा ठेवू नकोस."