पालखीपुढचं विमान

रत्नागिरी बंदरावर मुंबईच्या आगबोटीकडे नेणाऱ्या पडावात पाय ठेवला तेव्हा आईनं धक्क्यावरून हाक मारली, "दोघं चाललायत, तिघं होऊन या गो!" पडावातल्या साऱ्या बायका फिदीफिदी हसल्या. मी सतरा-अठरा वर्षांची, नवं लुगडं आधीच खाऱ्या पाण्यानं भिजलेलं, त्यात हे. मान खाली घातली ती आगबोटीच्या शिडीशी पोचेपर्यंत वर केली नाही. तेव्हाची लाज गोड होती. लग्नाला दोन महिने झालेल्या मुलीनं असल्या बोलण्याला लाजायचंच असतं. पुढे तीच लाज आंबून जाईल हे कुणाच्या ध्यानीमनी होतं?

आमचे हे गोदीजवळच्या एका कारखान्यात होते. लोखंड ओतायच्या आधी त्याचे लाकडी साचे करावे लागतात, ते ह्यांचं काम. घरचा पिढीजात धंदा मचवे बांधण्याचा, त्यामुळे हातात कसब होतंच. साहेबांची जुनी सचित्र मासिकं रद्दीत निघत, ती हे घरी आणत. त्यांत जर्मनच्या लढाईतली विमानं, रणगाडे, चिलखती गाड्या. चित्रावर पट्टी ठेवून मोजमापं काढायची आणि तसंच्या तसं लाकडात उतरवायचं, हा ह्यांचा नाद. खऱ्या दोन फुटांना इथे एक इंच, त्यात केसाएवढी चूक खपायची नाही. विमानांना एकावर एक असे दोन पंख, मधे बांबूच्या बारीक दांड्या, पंखांवर ताणून बसवलेला पातळ कागद. चुलीवर एकीकडे माझा भात आणि दुसरीकडे ह्यांचा लाकूड चिकटवायचा सरस. त्या वासानं अन्नावरची वासना उडायची, पण सांगते कुणाला!

खोलीत पोर नाही आणि फळीवर खेळणी मांडलेली. चाळीतली मुलं दारात गोळा व्हायची आणि मागोमाग त्यांच्या आया. "कुणासाठी गो एवढी खेळणी?" शेजारची काकू तर तोंडावर म्हणाली, "पोर नाय ते बरंच हाय, बापूसच खेळतोय!" मीही सगळ्यांबरोबर हसले. घरात येऊन दार लावलं आणि फळीवर जुनं लुगडं टाकलं. पाव्हणा आला की ते लुगडं टाकायची मला सवयच लागली. एवढा मिशीवाला बाप्या मांडी घालून रणगाडा घासत बसलेला कुणी बघू नये, असं मला मनापासून वाटायचं.

उपासतापास झाले, अंगारे-धुपारे झाले. शेवटी मोठ्या इस्पितळात गेलो. डॉक्टरांनी दोघांनाही तपासलं आणि सरळ सांगितलं की माझ्यात काही दोष नाही. ह्यांना ऐन तरुणपणी गालफुगी झाली होती, तिनं घात केला होता. मूल होणार नाही. चाळीचा जिना चढताना मीच म्हटलं, "गावाला काय सांगायचं ते मी बघीन. बाईमाणसाला ऐकून घ्यायची सवय असते." हे दुसऱ्या दिवशी कामावरून येताना नवं लाकूड घेऊन आले. त्यानंतर अर्धी खोली पलटणीनं भरली. हात कशासाठी चालतायत ते मला कळत होतं. कळलं म्हणून लाज कमी होते थोडीच?

शिमग्याला दर वर्षी गावी जायचो. सासूबाई मनानं वाईट नव्हत्या, पण जिभेला धार. "जमीन चांगली असली तर पेरलेलं उगवतं," हे त्या परसात भाजीला पाणी घालताना भाजीला सांगायच्या. ऐकायचं मी. जिभेवर आलेलं उत्तर मी पाण्याच्या घोटाबरोबर गिळून टाकत असे. कबूल केलं होतं ना!

एका शिमग्याला ह्यांनी अर्धवट झालेलं विमान बरोबर घेतलं. हात रिकामे राहिले की ह्यांचा जीव घाबरा होई. पडवीत बसून दांड्या घासत होते आणि सासूबाई दारातून बघत होत्या. आमच्याकडे मूल हवं असलं की देवीला छोटासा लाकडी पाळणा वाहायचा नवस करतात. सासूबाईंनी त्या उभ्या दांड्या पाहिल्या, खाली ताणलेला कागद पाहिला आणि मनाशी ठरवलं की पोर लाजतोय, गुपचूप पाळणा करतोय. त्या कुणाला काही बोलल्या नाहीत. जेवताना ह्यांच्या ताटात सुरमईची मोठी तुकडी तेवढी पडली.

दुसऱ्या दिवशी देवीची पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या बसायच्या चौथऱ्यावर, आली. हे विहिरीवर आंघोळीला गेले होते. सासूबाई खणाखाली काहीतरी झाकून घेऊन पुढे गेल्या. गुरवानं खण उचलला तर विमान! पोरं ओरडली, "इमान! इमान!"

"पाळणा हाय तो," सासूबाई ठणकावून म्हणाल्या. "मुंबयचा हाय."

म्हातारा गुरव, त्यानं जन्मात काय काय पाहिलं असेल. तो डगमगला नाही. नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं सुरू केलं. "हे आई म्हाराजा, ही तुजी सून तुज्या पायाशी इली हाय. हिची कूस उजव गो आई!"

"व्हय म्हाराजा!" सारी वाडी एका सुरात.

"हिच्या हातना काय चुकला-माकला असंल, हिचा काय दोष असंल, तो पोटात घाल!"

"व्हय म्हाराजा!"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. एवढ्यात ओल्या केसांनी हे आले. विमानाकडे बघितलं. मला वाटलं, आता हिसकावून घेतात. पण ह्यांनी हात जोडले आणि गाऱ्हाण्याच्याच सुरात बोलू लागले.

"आई म्हाराजा, हिचा दोष नाय. दोष माजा हाय. मुंबयच्या डाक्टरानं सांगितलान. आमाला पोर व्हायचा नाय, तो माज्यामुळं."

ढोलवाल्याचं टिपरू थांबलं. 'व्हय' म्हणायला कुणाची जीभ उचलेना. पुरुषानं असं चारचौघांत बोलायचं असतं का? माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं खरं, पण मोकळं वाटायच्या ऐवजी मी शरमेनं पेटले. भरल्या वाडीत कुणीतरी ह्यांच्या अंगावरचं धोतर फेडलं, असं वाटलं.

मग मागून एकच फाटका आवाज आला. "व्हय म्हाराजा."

सासूबाई होत्या.

विमान गुरवानं देवळात बाकीच्या पाळण्यांच्या रांगेत टांगलं. मला कुणी काही विचारेनासं झालं. आता कुजबुज ह्यांच्यावर होती. माझी स्वतःची लाज मला अंगवळणी पडली होती, ह्यांची मला पेलवेना. पुढच्या शिमग्याला म्हटलं, "नकोच जाऊया. मुंबई बरी, इथे कोण कुणाला विचारतं!" हे म्हणाले, "आय वाट बघत असंल." गेलो.

बंदरावर कधीही न येणाऱ्या सासूबाई त्या दिवशी धक्क्यावर उभ्या. चाळिशीला टेकलेल्या मुलाचा हात त्यांनी लहान पोराचा धरावा तसा धरला आणि भर बाजारातून निघाल्या. दुकानाच्या फळ्यांवर बसलेले लोक एकमेकांना कोपरानं ढोसत होते.

मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "लोकं बघतायत."

"बगूदेत," त्या मोठ्यांदा म्हणाल्या. "माजा ल्योक हाय."

मी मान खाली घालून त्यांच्या मागून चालत राहिले. लाज वाटत होती, खोटं कशाला सांगू? आज सासूबाई नाहीत, गावच्या घराला कुलूप आहे. तुम्ही गावाकडचे विचारता, घराची आठवण येते का गो? येते. पण डोळ्यांपुढे घर येत नाही. बाजारातली तेवढी वाट येते, पुढे ती दोघं आणि मागे मी.