फलकावर नसलेलं नाव

एकतीस डिसेंबरला दुपारी सातपूरला हजेरी झाली. आम्ही बारा बाया, होमगार्डच्या. मी चौथी पास; त्या काळी तेवढ्यावर घेत. पलटण नायकांनी चार्ट वाचला. नव्या वर्षाचा बंदोबस्त, चांदवडजवळ हायवेवर, एक तारखेला सकाळी सहा ते दोन. मला पॉइंट दोन, म्हणजे दुभाजकातली मोकळी जागा. गावकरी तिथून रस्ता ओलांडतात. सुशीलाला पॉइंट एक, एसटी थांब्यापाशी. तिचं माहेर तिथलंच.

सकाळी धुकं होतं. दहा पावलांपुढचं दिसत नव्हतं. मला थंडी सोसेना. पॉइंट एकवर हवालदारानं शेकोटी केली होती. साडेसहाला मी तिथं गेले. हवालदार रस्त्यावर गाड्या थांबवत होता. सुशीलाला म्हटलं, तासभर माझ्या जागी जा. हुकमाशिवाय पॉइंट बदलायचा नाही, हे दोघींना ठाऊक होतं.

"अक्का, तुमची हाडं शेका," ती म्हणाली. "माझ्या वाटचा चहा तेवढा संपवू नका."

ती गेली. धुक्यात थोडा वेळ शिट्टी ऐकू येत होती.

सात चाळीसला हवालदाराच्या वॉकीटॉकीवर गस्तीच्या गाडीतून आवाज आला.

"पॉइंट दोन. ट्रकनं होमगार्डला उडवलं. जागीच गेली."

"नाव?"

तिकडून चार्ट बघून माझं नाव सांगितलं.

हवालदारानं वळून माझ्याकडं बघितलं. मी शेकोटीपाशी बसले होते.

चौकशीत पलटण नायकांनी विचारलं, तिला तिकडं कुणी पाठवलं? मी म्हणाले, "आपणहून माझ्याकडं आली. थांबा मोकळा राहू नये म्हणून मी तिकडं गेले." गणवेश काढून घेतील, ही भीती. दुसरं कारण नाही. कागदावर लिहिलं गेलं, हुकमाशिवाय पॉइंट सोडला. ड्युटीवर जीव गमावलेल्यांच्या फलकावर तिचं नाव लागलं नाही. मी पुढं नऊ वर्षं त्याच फलकासमोर परेड केली.

दर नव्या वर्षाला ठरवायचे, यंदा सांगायचं. यंदा एक तारखेला चांदवडची एसटी धरली. सुशीलाची आई शेताच्या बांधावर कांद्याच्या रोपाच्या जुड्या बांधत होती. उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

"म्हंजी तिनं ड्युटी टाकली नव्हती," ती म्हणाली.

"नाही. माझी करत होती."

तिनं हातातली जुडी बांधून पुरी केली. "एवढी वर्सं भावकीत मान खाली घालून बसले मी. मला सांगून काय उपेग? हापिसात लिहून दे. मंग ये."

दुसऱ्या दिवशी अर्ज नेऊन दिला. तब्येत थकली आहे; पुढची एक जानेवारी मला दिसेल की नाही, माहीत नाही. त्याआधी ते नाव लागावं, एवढीच या वर्षाकडून अपेक्षा. अर्ज कुणाकडून लिहून घेतला नाही. माझ्याच वाकड्या अक्षरात आहे:

एक जानेवारी, सकाळी सात चाळीस. होमगार्ड सुशीला माझ्या सांगण्यावरून पॉइंट दोनवर उभी होती. तिनं पॉइंट सोडला नाही. मी सोडला.