शेख सर आणि वाकडे ठिपके

दौंडच्या शाळेतले आम्ही जुने लोक लग्नाकार्यात भेटलो, की पंगतीतच शेख सरांचे किस्से सुरू होतात. एकानं एक सांगितला की दुसऱ्याला दोन आठवतात. ताक येईपर्यंत पानात काय वाढलं होतं, याचाही पत्ता नसतो!

साठ सालच्या आसपासची गोष्ट. सर मूळचे शिरूरचे, आम्हाला सायन्स शिकवायचे. तेव्हा प्रयोग फळ्यावर काढून मोकळं व्हायची पद्धत. सर मात्र तो आमच्या हातून करून घ्यायचे, वर ग्राफही काढायला लावायचे. आणि आमचं सगळ्यांचं दुखणं एकच. ठिपके कसेही पडोत, आम्ही पट्टी लावून सरळ रेघ मारायचो!

*

पहिला प्रयोग लंबकाचा. दोरीला दगड बांधला, दोरी वाढवत गेलो, एका झोक्याला लागणारा वेळ मांडला. ठिपके वाकत गेले. तरी इब्राहिमनं रेघ सरळच मारली. त्याचे वडील रेल्वेत इंजिन ड्रायव्हर.

"का रे, ठिपके तर वळलेत," सर म्हणाले.

"सर, सरळ रेघ बरी दिसते."

"बरं. मनमाडची लाइन पुढं वळते. तिथं तुझ्या अब्बांनी गाडी सरळ नेली तर?"

इब्राहिम घाबरून म्हणाला, "रेल्वेचं क्वार्टर सोडावं लागेल, सर!"

*

जगन्नाथ निमोण्याचा, मामाकडे राहून शिकायचा. एकदा त्याचा ग्राफ इतका सुरेख आला, की एकूण एक ठिपका रेघेवर!

"जगन्नाथ, हे जमलं कसं?"

"सोपं हाय की सर. आदी रेघ मारली, मंग ठिपके बसवले!"

सर चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसले. "म्हणजे आधी वरात काढलीस, मग नवरी शोधलीस!"

मग त्याला शेजारी बसवून सगळा प्रयोग पुन्हा करून घेतला. एका शब्दानं रागावले नाहीत.

*

वर्गात मुली आम्ही दोघीच. मी कुसुम, आणि पोस्टमास्तरांची शालन. प्रयोगाची खोली अंधारी, तिथं मुलांबरोबर मुली नकोत, असं हेडमास्तरांचं म्हणणं. मुलींनी नुसतं लिहून घ्यावं!

दुसऱ्या दिवशी बघतो तर टेबल, स्टोव्ह, तराजू, सगळं व्हरांड्यात! हेडमास्तर धावत आले.

"शेख, हे काय?"

"मुलींना आत यायची परवानगी नाही ना, म्हणून प्रयोगशाळाच बाहेर आली, सर!"

ती पुढं कायमची बाहेरच राहिली. थर्मामीटर पहिल्यांदा हातात धरला तो त्या व्हरांड्यात. आजही आठवलं की मनातल्या मनात सरांना हात जोडते.

*

इन्स्पेक्शनला साहेब आले, तेव्हा गरम पाणी निवण्याचा प्रयोग चालू होता. जगन्नाथची रेघ आधी धाडकन खाली, मग हळूहळू आडवी. साहेबांच्या कपाळाला आठी.

"ही रेघ सरळ का नाही?"

शेरा वाईट पडला तर टेबल पुन्हा अंधाऱ्या खोलीत जाणार! शालननं माझा हात घट्ट धरला. जगन्नाथच बोलला, "साहेब, पाणी लई गरम हाय तवा त्याला निवायची घाई असती. कोमट झालं म्हंजी घाई न्हाई. तुमच्या चहाचं बी तेच व्हतंय बघा."

साहेबांनी समोरच्या कपाला बोट लावलं. "याचं तर सगळं निवून झालंय!" म्हणाले, आणि हसत सही केली.

*

आणि हा माझा किस्सा. नववी झाली आणि आमचे आप्पा शाळेत आले ते माझं नाव काढायलाच. चांगलं स्थळ चालून आलेलं. मी व्हरांड्यात खांबाला धरून उभी.

"मास्तर, पोरगी हुशार हाय, मान्य. पर शिकून शेवटी काय? लगीन, चूल, पोरंबाळं. सगळं ठरल्यालंच हाय."

सर वाद घालतील असं वाटलं. त्यांनी माझा ग्राफ पुढं केला. कुंडीतल्या घेवड्याच्या वेलाची उंची मी रोज मोजली होती. ठिपके जेमतेम अर्ध्या कागदापर्यंत, पण रेघ मी ऐटीत पार टोकापर्यंत ओढलेली.

"हे दिवस, ही वेलाची उंची," सरांनी बोट फिरवून दाखवलं. "आप्पा, तुम्ही शेतकरी. वेल असाच वाढत जाईल का हो?"

आप्पांनी कागद उजेडात धरला. "छ्या! ठिपके संपले तिथं रेघ थांबवायची. म्होरचं कुणी बघितलंय?"

सर हळूच म्हणाले, "पोरीचेही आत्ता एवढेच ठिपके पडलेत, आप्पा."

आप्पांनी कागद माझ्या हातात दिला आणि डोक्यावरचा पटका सारखा केला.

"कुसे, शाळा सुटली की येळेत घरी ये," म्हणाले. "आन् ती म्होरची रेघ खोड."