सगळीकडे दिसणारा व्यंकय्या

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला तर मुळीच नाही, कारण यात तिचा भाऊ आहे. आता तुम्हाला सांगतानाही आधी दाराकडे पाहून घेतलं — सवय जात नाही.

सोलापूरच्या गिरण्यांत वातावरण तंग होतं, त्या दिवसांतली गोष्ट. मी एका गिरणीच्या कचेरीत कारकून होतो. इंग्रजीची भारी हौस. रोज कोशातला एक शब्द वहीत उतरवायचा आणि कुठेतरी वापरून पाहायचा. असाच एक सापडला — युबिक्विटस. सर्वत्र असणारा. पण देव असतो तसा नव्हे. देवासाठी इंग्रजीत निराळा शब्द आहे. हा माशांसाठी, धुळीसाठी, जिथे जावं तिथे आपल्याआधी हजर असणाऱ्या माणसासाठी. थट्टेत म्हटला तर हसू येतं. कचेरीच्या कागदावर लिहिला तर — संशय येतो. हा फरक मला नीट ठाऊक होता.

तेव्हा साच्यांवर, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, संपाची पत्रकं सापडू लागली होती. आज या खात्यात, उद्या त्या. कचेरीत जो तो दुसऱ्याकडे तिरक्या नजरेने पाही. शिपाई दाराला कान लावतो असं मला वाटे. त्यालाही माझ्याबद्दल काय वाटत होतं कोण जाणे! मग कोणाच्या तरी लक्षात आलं, पत्रकांचा कागद कचेरीतलाच आहे. आणि कागदाच्या कपाटाची किल्ली? ती माझ्याकडे.

कागद — हो, मीच दिला होता. मेहुण्याला. कशाला हवा, हे मी विचारलं नाही. न विचारताच कळलं होतं.

साहेबाने मला अहवाल लिहायला बसवलं : कोण कुठे दिसतो, नजर कोणावर ठेवावी. साहेब नवा होता, त्याला माणसांची कामं ठाऊक नव्हती. मी व्यंकय्याचं नाव लिहिलं. व्यंकय्या साच्यांना तेल घालायचा. तेलाचा डबा घेऊन दिवसभर प्रत्येक खात्यात फिरणं, हीच त्याची नोकरी. मी लिहिलं, हा माणूस युबिक्विटस आहे. तेल घालतो, एवढं मात्र लिहिलं नाही. त्यात खोटं काय होतं? एक अक्षरही नाही. साहेबाने त्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि "गुड वर्ड" म्हणाला. मला आनंद झाला. एवढ्या भीतीतही झाला, याचीच आता जास्त लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी, अहवालात नाव आहे एवढंच सांगून, व्यंकय्याला कामावरून काढलं. तो सरळ माझ्याच टेबलाशी आला.

"रावसाहेब, तुमी इंग्लिश जाणता की. माझ्यावर काय लिवलंय?"

"तू सगळीकडे दिसतोस, असं लिहिलंय."

त्याचा चेहरा खुलला. "मग खरंच हाय की! तेल घालायला सगळीकडं जावंच लागतंय. साहेबाला एवढं सांगा की, रावसाहेब. दुसरं काय नको."

"सांगतो," मी म्हणालो.

कोणी लिहिलं, हे त्याने विचारलंच नाही. त्याला माझा संशय आला नव्हता? की आला होता, आणि म्हणूनच तो माझ्याकडे आला? आजही मला कळत नाही.

मी साहेबाला काही सांगितलं नाही. व्यंकय्या तीन दिवस कचेरीबाहेरच्या बाकावर बसून होता, संध्याकाळचा भोंगा होईपर्यंत. मी मागच्या दाराने येत-जात होतो.

चौथ्या दिवशी बाक रिकामा दिसला. मी पुढच्या दाराने आत गेलो.