एकच नमुना, शेकडो वेळा

धाकटी बहीण नेमकं काय करायची, हे दादाला शेवटपर्यंत धड कळलं नाही. कोणी विचारलंच तर "मोठ्या संस्थेत आहे" म्हणायचं आणि शिलाई मशीनवर मान खाली घालायची.

एकदा दुकानातल्या बाकावर बसून तिने समजावलं होतं. "पुष्कळ कण आहेत असं धर. प्रत्येकाचा प्रत्येकाशी संबंध. कोण कुणाला किती ओढणार, ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. असे शेकडो नमुने घेऊन सरासरी काढली, की या गोंधळाचं गणित कृष्णविवराच्या गणिताशी जुळतं."

"म्हणजे आपलं घरच की गं!"

"हळू बोल, वहिनी ऐकेल."

त्यावरचा तिचा शोधनिबंध छापून आला. त्याच्या जोरावर संस्थेत कायमची जागा मिळणार, हे जवळजवळ ठरलंच होतं. आणि एका संध्याकाळी ती पडेल चेहऱ्याने दुकानात आली.

"दादा, माती खाल्ली. चिठ्ठ्या संगणक काढतो. त्याला दर वेळी सुरुवातीचा आकडा नवा द्यावा लागतो. मी तो बदललाच नाही. शेकडो नमुने म्हणून मोजले, ते सगळे एकच."

"कुणाला कळलंय?"

"मलाच."

"मग तोंडाला कुलूप लाव. आधी जागा पदरात पडू दे."

तिने घरची वाट धरली. दुसऱ्या दिवशी निबंध मागे घेतला. जागा गेली. वर्षावर्षाच्या कराराने ती शिकवत राहिली आणि उरल्या वेळात सगळं नव्याने मोजू लागली, हे दादाला इकडून तिकडून कळलं. दुकानात यायची, पण कणांचं नाव काढायची नाही. दादालाही वाटे, खपली कशाला काढा? वर्षं अशीच गेली आणि एक दिवस तिच्या हृदयाने दगा दिला.

भेटायला आलेले तिचे सहकारी म्हणाले, "हिशेब पुरा झाला होता. या वेळी खरोखर जुळलं. तुम्हाला बोलली असेलच."

दादाने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्यांना कळलं नाही.

ती गेली, त्याआधीच्या आठवड्यातच कोट न्यायला आली होती. घालून पाहिला, बटण लावलं, तरी दारात घुटमळली.

"आणखी काही?"

"नाही. काज जरा घट्ट झालंय."

"वापरलंस की सैल होईल."

"बरं. येते."

"ये."