चार चित्रांची ओळ

मारहाण शेवटी प्रेमात विरघळते, असं गुन्हेगारी प्रेमकथांच्या कॉमिक्सवर प्रबंध लिहिणारे सांगतात. मीही जन्मभर लोकप्रिय साहित्यच शिकवलं, पण हे वाक्य दिसलं की माझं डोकं फिरतं.

माझ्या लहानपणी उल्हासनगरच्या कॅम्पात आमच्या आणि शेजारच्या सिंधी चाचीच्या खोल्यांच्या मध्ये भिंत नव्हती, नुसतं गोणपाट होतं. चाची खळ लावून रद्दीच्या पिशव्या चिकटवायची. त्या रद्दीत अमेरिकन कॉमिक्स यायची. इंग्रजी दोघींनाही येत नव्हतं, म्हणून आम्ही चित्रं बघायचो.

एका पानावर चार चित्रांची ओळ होती. माणूस बाईचा गळा आवळतो, केस धरून फरफटवतो, थोबाडीत मारतो आणि मग मिठीत घेतो. चाचीला फक्त सिंधी वाचता यायचं, आणि ती लिपी उजवीकडून वाचतात. तिने गोष्ट मिठीपासून सुरू केली आणि गळ्यापाशी संपवली. मी तिला डावीकडून बघायला सांगितलं. "ऐसाच होता है," ती म्हणाली.

त्याच संध्याकाळी नवऱ्याने तिचं डोकं लोखंडी खाटेवर आपटलं. खळीचं भांडं लवंडलं आणि गोणपाटाखालून खळ आणि रक्त आमच्या बाजूला आलं. माझ्या वडिलांनी ते फडक्याने पुसलं आणि ते जेवायला बसले.

सकाळी तो तिच्या कपाळाला हळद लावत होता. मग त्याने तिला जवळ घेतलं. तो गेल्यावर मी चाचीला म्हटलं, शेवटी मिठीच आली, म्हणजे माझंच बरोबर होतं.

तिने खळीत बोट बुडवलं. "नहीं बेटी, ये नीचेवाली लाइन का पहला फोटो है."